दोन क्लिपच्या मध्ये कोणाचा हात?

व्हिडिओ एडिटिंगच्या धंद्यात किस्से गोळा करायला लागत नाहीत. लोक आपल्या लग्नाच्या व्हिडिओतून 'हे काढा हो, ते काढा हो' म्हणून जे जे काढायला लावतात, ते व्हिडिओतून जातं आणि आमच्या डोक्यात येऊन बसतं. हार्ड डिस्क भरली की नवी आणता येते. डोकं भरलं की ते कोणाच्या तरी पुढ्यात रिकामं करावं लागतं. तर आज तुमची पाळी!

आधीच सांगते, मी शंकेखोर आहे. माझा नवरा म्हणतो, 'हिला दूधवाल्याने चुकून जास्त दूध घातलं तरी संशय येतो.' येतोच! उगाच कोण कोणाला जास्त घालतं हो?

लालबागला परबकाकांचा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे चाळीच्या तळमजल्यावरचा गाळा. मध्ये काचेचं पार्टिशन. पलीकडे काका, अलीकडे दोन कम्प्युटर. एकावर मी, वीस वर्षं झाली. दुसऱ्यावर सिद्धार्थ, वरळीच्या बीडीडी चाळीतला, चार वर्षांपूर्वी आलेला. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान आणि कामाला असा झपाट्याचा की बघत राहावं. बघत राहावं म्हणजे लक्ष ठेवावं, या अर्थाने म्हणतेय मी.

त्याचं कारण होतं. गणपती झाले आणि एक दिवस काका चहा पिता पिता म्हणाले, "अर्धो गाळो भाड्यान देतंय. दिवाळी झाली की एकच खुर्ची रवतली. जेच्या कामाच्या तक्रारी कमी, तेची खुर्ची."

झालं! दोघांतला एकच राहणार. माझं वय सत्तेचाळीस. मुलगा बारावीला. नवऱ्याला कंपनीने दोन वर्षांपूर्वीच घरी बसवलेलं. या वयात मला दुसरी खुर्ची कोण देणार? त्या दिवसापासून सिद्धार्थ नुसता पाणी प्यायला उठला तरी माझी मान त्याच्यामागे वळायची.

*

पहिलं प्रकरण डिझॉल्व्हचं.

डिझॉल्व्ह म्हणजे काय, ते सांगते. दोन क्लिप एकापुढे एक जोडल्या की मध्ये ट्रान्झिशन टाकतात. एक चित्र हळूहळू विरतं आणि त्यातूनच दुसरं उगवतं. नवरी पाटावरून उठतेय, ती विरली, की हळूच जेवणाची पंगत दिसायला लागते. एवढंच.

तर मी संध्याकाळी मोजून डिझॉल्व्ह टाकून घरी जायची. उन्हाळ्यातल्या लग्नांच्या साचलेल्या मोठ्या फाईली रात्रभर तयार होत राहायच्या, म्हणून त्या सीझनपासून कम्प्युटर चालूच ठेवायला लागले होते. सकाळी येऊन बघावं, तर शेवटी टाकलेला डिझॉल्व्ह गायब! एक दिवस ठीक आहे, म्हटलं आपणच विसरलो. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी कागदावर आकडा लिहून पर्समध्ये घेऊन गेले. सत्तावीस. सकाळी सव्वीस!

"सिद्धार्थ, तूच केलंस ना?"

"काय ताई?"

"काय ते तुला माहितेय."

"ताई, मी आत्ता येतोय. बॅग अजून खांद्यावर आहे."

बॅग खांद्यावर ठेवून काम करता येत नाही का? येतं! चौथ्या दिवशी मी सव्वानऊऐवजी आठलाच पोचले आणि दाराआड उभी राहिले. गाळ्यात फक्त परबकाका. आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, एका हातात उदबत्ती आणि दुसऱ्या हातात ओलं फडकं. काकांनी माझा कीबोर्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत खसाखसा पुसला. मग बोटाने कुंकू घेतलं आणि टेकवलं कुठे? नेमकं डिलीटच्या बटणावर! शेवटी टाकलेला डिझॉल्व्ह सिलेक्ट होऊन बसलेलाच असतो. समोर स्क्रीनवर मी पुन्हा टाकलेला सत्ताविसावा डिझॉल्व्ह टुपकन गेला.

"काका!"

काका दचकले. "गो बाय, मी खंय काय केलंय? नुसता पुसलंय!"

"मग कुंकू त्याच बटणाला का?"

"ता कोपऱ्यात आसा. बोट बरोबर पोचता."

खरं तर त्या दिवशी सिद्धार्थची माफी मागायला हवी होती. नाही मागितली. म्हटलं, चौथ्या सकाळचं सिद्ध झालं, पहिल्या तीन सकाळचं काय?

*

दुसरं प्रकरण थेट माझ्या अंगाशी आलं.

आमचे कॅमेरामन दळवी जुन्या वळणाचे. कॅसेटच्या काळात शिकलेले. कॅसेट महाग, म्हणून काम झालं की खट्‌कन कॅमेरा बंद! आता सगळं मेमरी कार्डवर असतं, पण दळवींचं बोट ऐकत नाही. हार गळ्यात पडला रे पडला की खट्‌. आता ट्रान्झिशन टाकायचं तर जिथे क्लिप कापली त्याच्या पुढे थोडं शूटिंग शिल्लक लागतं, चित्राला विरायला जागा लागते. शिल्लक नसलं की सॉफ्टवेअर तसा मेसेज देतं. तरी तुम्ही हट्टाने पुढे जा म्हटलं, तर शेवटचं चित्र आहे तसं गोठवून ठेवतं.

सिद्धार्थ मागून म्हणाला, "ताई, पुढे शिल्लक नाही. तिथे साधा कट मारा."

अस्सं! म्हणजे माझ्या व्हिडिओतून ट्रान्झिशन काढायला लावायचं, माझं काम बोडकं दिसावं, आणि याचं काम मात्र गुळगुळीत! मी मेसेजवर ओके केलं आणि सगळीकडे ठासून डिझॉल्व्ह घातले.

आठ दिवसांनी गिरगावातून नवरीचे काका स्टुडिओत आले. दार लोटून घेतलं, खुर्ची जवळ ओढली आणि आवाज बारीक करून मला म्हणाले, "बाई, तुम्ही सगळं शूटिंग बघितलंय. खरं खरं सांगा. जावयाला फिट येते का?"

"नाही हो! असं का विचारता?"

"मग तो असा थांबतो का? हार घालताना थांबला. घास भरवताना तोंड उघडं ठेवून थांबला. सप्तपदीत तर एक पाय वर! आम्ही सगळ्या घराने मोजलंय, सात वेळा थांबलाय. आमच्यापासून लपवून लग्न लावलंय की काय त्यांनी?"

त्यांना मूळ शूटिंग दाखवलं, तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला. जाताना तरी मला म्हणालेच, "तरी एकदा डॉक्टरांना दाखवतोच. काय सांगावं!"

माणूस मला आवडला. पण माझ्या नावावर तक्रार एक!

*

तिसऱ्यात रंग आडवे आले.

लालबागचंच लग्न, अगदी चार चाळी सोडून. मी दोन विधींच्या मध्ये चित्र हळूच काळं होतं आणि मग पुढचं उजाडतं, असं ट्रान्झिशन टाकलेलं. सिनेमात असतं तसं. मुलाचे आजोबा काठी टेकत आले.

"लग्नात काळं? आमच्या नातवाच्या लग्नात अकरा वेळा काळोख केलात तुम्ही!"

त्यांनीही मोजलं होतं. लालबाग-गिरगावात लोक लग्नाचा व्हिडिओ बघतात की हिशेब तपासतात, देव जाणे! मी म्हटलं, बदलते. सगळी काळी ट्रान्झिशन निवडली, 'नेहमीचं टाक' अशी एकच कमांड दिली आणि फाईल न बघता पाठवून दिली. ही चूक माझी. पण न बघता का पाठवली? तर तेव्हा सिद्धार्थ फोनवर कोणाशी तरी हळू आवाजात बोलत होता, माझं सगळं लक्ष तिकडे!

दुसऱ्या दिवशी आजोबा काठी न टेकता आले. म्हणजे काठी हातात उगारलेलीच होती.

"काळं काढलंत आणि पांढरं फटक घातलंत? तुम्हाला आमच्याकडे लग्न झालेलं बघवत नाही का हो?"

मी स्क्रीनकडे बघते तर खरंच. प्रत्येक विधीनंतर पडदा पांढराशुभ्र! मी वळले. "सिद्धार्थ, तूच केलंस ना?"

"हो ताई."

इतकं सरळ 'हो'! मी तोंड उघडायच्या आत तोच पुढे म्हणाला,

"तुम्ही रजेवर होतात, तेव्हा नायगावचं लग्न तुमच्या मशीनवर केलं. आमच्याकडे लग्नात पांढरं शुभ असतं. वधूवर दोघं पांढऱ्यात. म्हणून नेहमीचं ट्रान्झिशन पांढरं करून ठेवलं होतं. चिठ्ठी लावली होती ताई तुम्हाला."

"कुठे आहे चिठ्ठी?"

माझ्या डब्याच्या खाली होती. तीन दिवस मी तिच्यावर डबा ठेवून जेवत होते. भाजीचं तेल लागलेलं, पण अक्षर वाचता येत होतं.

आजोबा मध्येच कडाडले, "तुमचं काय ते नंतर बघा. आधी माझ्या नातवाचं बघा!" सिद्धार्थ उठला, त्यांना खुर्ची दिली, माझ्या कीबोर्डवर दोन मिनिटं बोटं चालवली आणि सगळी ट्रान्झिशन पिवळी करून टाकली. आजोबांनी चष्मा पुसून पाहिलं. "हळदीची! हां, हे कसं घरचं वाटतं."

त्याने मला वाचवलं की माझ्या देखत स्वतः शहाणा ठरला, यावर मी रात्री पोळ्या लाटताना बराच विचार केला. उत्तर मिळालं नाही. आजोबा दोनदा आले तरी माणूस एकच, म्हणून काकांनी तक्रार एकच धरली. एकूण दोन.

*

चौथी गंमत सिद्धार्थच्या वाट्याची. ही सांगताना मला अजून गुदगुल्या होतात.

एका मुंजीत दोन जावा होत्या. थोरली हिंदमाताला जाऊन खास साडी घेऊन आलेली. धाकटीही त्याच दुकानात जाऊन तसलीच घेऊन आलेली. म्हणजे परिस्थिती मुळातच नाजूक! सिद्धार्थने थोरलीच्या हसऱ्या चेहऱ्यावरून डिझॉल्व्ह करून धाकटीचा चेहरा आणला. सुंदर जमलं होतं, नाकावर नाक, टिकलीवर टिकली.

थोरलीचा फोन. "मी विरून जाते आणि तिथे ती उगवते? घरात करते तेच व्हिडिओतपण? कोणी सांगितलं तुम्हाला असं करायला? तिनेच ना?"

सिद्धार्थने क्रम उलटा केला. आता धाकटी विरते, थोरली उगवते. तासाभरात धाकटीचा फोन! "वन्संनी सांगितलं मला. आमच्या जाऊबाई आल्या होत्या ना तुमच्याकडे? काय दिलं तुम्हाला?"

शेवटी त्याने काय केलं असेल? दोघींच्या मध्ये चार सेकंद नारळ घातला. थोरली विरते, नारळ उगवतो. नारळ विरतो, धाकटी उगवते. दोघींचाही निरोप आला, 'आता छान झालंय.'

फोन दोघींचे वेगवेगळे आले, म्हणून काकांनी तक्रारी दोन धरल्या. मला इतका आनंद झाला की संध्याकाळी 'लाडू सम्राट' हॉटेलच्या नेहमीच्या वाटेने न जाता उगाच लांबच्या रस्त्याने चालत घरी गेले. चार वर्षं एकाच गाळ्यात बसणाऱ्या माणसाचं काम परत आलं म्हणून आनंद! सांगायलाही लाज वाटते. पण झाला होता. माझ्या दोन, त्याच्या दोन. आणि दिवाळी तोंडावर.

*

हा शेवटचा किस्सा मी आजवर कोणाला सांगितलेला नाही. घरीसुद्धा नाही.

दिवाळी झाली आणि प्रभादेवीच्या आचरेकर मावशींच्या पंचाहत्तरीचं काम माझ्याकडे आलं. मावशींचा मुलगा म्हणजे परबकाकांचं मोठं गिऱ्हाईक. काका म्हणाले, "ह्या काम बघून काय ता ठरवतंय." रविवारी दादरच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर पडद्यावर दाखवायचं होतं.

मावशींचे यजमान जाऊन सात वर्षं झालेली. त्यांचं चालतंबोलतं शूटिंग एकच, मुलीच्या लग्नातलं. तेही आमच्याच दळवींनी बावीस वर्षांपूर्वी कॅसेटवर केलेलं. आचरेकर काका अक्षतांचं ताट घेऊन दारात येतात, हसतात. खट्‌! पुढे काही नाही.

तिथून मला आजच्या मावशींवर यायचं होतं. पुढे शिल्लक नाही, म्हणून काकांचा हसरा चेहरा गोठला. गुरुवारी मावशी बघायला आल्या. बघितलं आणि हात पदरात घट्ट धरून बसल्या.

"हे असे थांबले की मला भीती वाटते गं. शेवटी हॉस्पिटलात असेच बघत होते."

मी घाईघाईने ट्रान्झिशन काढून साधा कट मारला. काका हसतात आणि पुढच्या क्षणी नाहीत.

"गेलेच की एकदम," मावशी म्हणाल्या. "तेव्हापण एकदमच गेले. वंदना, थोडे थांबव ना गं त्यांना. पण जिवंत थांबव."

मी क्लिपचा वेग कमी केला, उलटी फिरवली, मोठी करून बघितली. बावीस वर्षांपूर्वी जे शूट झालेलंच नाही, ते मी कुठून आणणार? रडू यायचं बाकी होतं. मागे सिद्धार्थ कानाला हेडफोन लावून बसलेला, पण तो ऐकतोय हे मला पाठीला कळत होतं. मनात म्हटलं, खूश असशील आता!

शुक्रवारी त्याने अर्धी रजा घेतली. का घेतली असेल? माझी तर खात्रीच, आचरेकरांच्या मुलाला गाठून काम स्वतःकडे घेणार.

शनिवारी सकाळी प्रोजेक्ट उघडलं. आचरेकर काका दारात आले, हसले, आणि थांबले नाहीत! मान वळवली, आत बघून कोणाला तरी हाक मारली, हात उंचावला, आणि तसेच चालता चालता विरत गेले. त्यांच्यातून हळूहळू मावशी उगवल्या. पुन्हा लावून बघितलं. काकांमागे तेच दार, हातात तेच ताट. फक्त कॅमेरा हातभर डावीकडे.

वरपक्षाचा कॅमेरा! आपल्याकडे दोन्ही पक्षांचे व्हिडिओवाले वेगळे असतात, एकाच दारात खांद्याला खांदा लावून उभे असतात. वीस वर्षं या धंद्यात आहे मी, आणि एकदाही डोक्यात आलं नाही की समोरच्यांना विचारावं.

"सिद्धार्थ, तूच केलंस ना?"

"काय ताई?"

"हे. आचरेकरांचं."

"नाही हो," तो म्हणाला आणि हेडफोन चढवून कामाला लागला.

रविवारी हॉलमध्ये अंधार करून व्हिडिओ लावला. सिद्धार्थ आला नव्हता. आचरेकर काकांनी पडद्यावर मान वळवली, हाक मारली, तशा मावशी पहिल्या रांगेतून मोठ्याने म्हणाल्या, "अगं, मला हाक मारतायत ते!" अख्खा हॉल रडला. मीही रडले. परबकाका उभे राहून सगळ्यांना सांगत होते, "आमच्या वंदनाचा काम!" लोक वळून बघायला लागले. मी हात जोडले.

सोमवारी काकांनी दोघांना बोलावलं. "वंदना रवतली," एवढंच म्हणाले आणि पार्टिशनपलीकडे जाऊन फाईल चाळत बसले. त्यांनाही ते जड गेलं असणार.

सिद्धार्थ आपलं सामान आवरायला लागला. मी जागेवरून त्याच्याकडे बघत होते. तेवढ्यात माझ्या टेबलावरचा स्टुडिओचा फोन वाजला. पलीकडून एक म्हातारी, कानाने कमी असावी, कारण ओरडूनच बोलत होती.

"मी गिरगावातून बोलतेय, आचरेकरांची विहीण! तुमचा तो सिद्धार्थ शुक्रवारी आमच्या मुलाच्या लग्नाची कॅसेट घेऊन गेला. माळ्यावर चढून दोन तास शोधत होता हो बिचारा! घाई नाही, पण तेवढी आठवणीने परत आणून द्यायला सांगा त्याला!"

काचेपलीकडून परबकाकांनी मान वर केली. "कोण गो?"

माझ्या हातात फोन तसाच. डोळ्यांसमोर मुलाच्या क्लासच्या फीची पावती, घरी बसलेला नवरा.

"राँग नंबर, काका," मी म्हटलं.

सिद्धार्थने हेडफोनची वायर नीट गुंडाळली, बॅगेत ठेवली, चेन लावली. माझ्या टेबलापाशी येऊन थांबला.

"येतो ताई," तो हळूच म्हणाला. "आजींना सांगा, कॅसेट मी संध्याकाळी नेऊन देतो."